पाण्यात गेलेल्या गावाची चौकशी

माझी सगळी नोकरी पोलीस खात्यात झाली, पण बारामतीला लागून असलेल्या जळोचीतल्या माझ्या गल्लीतल्या बायकांना ते बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. मी साडी नेसून, खांद्याला पर्स लावून कामाला जायचे, त्यामुळं मी पोस्टात नाहीतर पंचायत समितीत असेन असं त्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. खाकी इस्त्री करून कपाटात टांगलेली असायची. परेडला आणि मोठ्या बंदोबस्ताला तेवढी ती बाहेर निघायची. बाकी वर्षभर मी गोपनीय विभागाची बाई. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या वेगवेगळ्या ठाण्यांत मी हेच काम केलं. ठाण्यांची नावं इथं देत नाही आणि माणसांची बदलली आहेत.

गोपनीय म्हटलं की लोकांना काळा चष्मा आणि वेषांतर आठवतं. प्रत्यक्षात हे काम म्हणजे चालणं आणि चहा पिणं. कुणाला पासपोर्ट हवा असेल, तर तो सांगतो त्या पत्त्यावर खरंच राहतो का ते बघायचं. कुणाला नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला हवा असेल, तर त्याच्यावर काही गुन्हा आहे का ते बघायचं. मोर्चा निघणार असेल तर किती माणसं येतील याचा अंदाज साहेबांना द्यायचा. परदेशी माणूस तालुक्यात उतरला तर तो कुठं आणि कशासाठी हे आपल्याला ठाऊक हवं. यातलं काहीही ठाण्यात बसून कळत नाही. किराणा दुकानदार, दूधवाला आणि समोरच्या घरातली म्हातारी हे तिघं सांगतात ते खरं. अर्जदाराला शेजारचा दुकानदार ओळखत नसेल, तर कागद कितीही चकचकीत असू द्या, मी परत एक फेरी मारायचे. अशा परतफेरीतच एकदा एक गृहस्थ सापडला होता. दिलेल्या पत्त्यावर तो एक दिवसही राहिलेला नव्हता आणि दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस त्याला शोधत होते. त्या शोधाचं कौतुक म्हणून मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ते मी अजून विसरलेले नाही.

मी इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याची. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमचं घर बौद्ध. वडील कालव्यावर रोजंदारीनं, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या हाताखाली, आई पेरूच्या बागेत. घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. शाळेतल्या इंगळे गुरुजींनी मला रोज मधल्या सुट्टीत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. त्यामुळं माझी जीभ सुटली आणि पुढं बारामतीच्या कॉलेजात मी घाबरले नाही. एस.टी.चा पास, मैत्रिणींच्या जुन्या वह्या आणि वसतिगृहाच्या बाईंनी ताटात वाढलेली जास्तीची भाकरी, यावर माझं बी.ए. झालं. हे उपकार मोजत बसले तर हा लेख त्यातच संपेल.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. दहशतवादी हल्ला दिल्लीत होवो, मुंबईत होवो नाहीतर सरहद्दीवर, त्याचा एक तुकडा आमच्या तालुक्याच्या टेबलावर येऊन पडतोच. आधी टीव्हीवर बातमी, मग संसदेत चर्चा, मग कायदा किंवा परिपत्रक, आणि ते जिल्ह्यातून उतरत उतरत एक दिवस माझ्यासमोर. देशाचं धोरण बदललं हे लोकांना भाषणातून कळतं. मला ते कळायचं ते मोठे साहेब हाक मारून म्हणायचे तेव्हा, "गायकवाड मॅडम, हे नवीन आलंय, बघा जरा."

मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, त्यानंतरची गोष्ट. होड्यांची नोंद आणि मासेमारांची ओळखपत्रं याबद्दलच्या सूचना किनाऱ्यासाठी होत्या. पण उजनी धरणाच्या पाण्यातही होड्या आहेत हे आमच्या साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला भिगवणच्या काठावर पाठवलं. तिथं बबनतात्या भेटले. मासळीचे व्यापारी, पोटानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. मी होड्या मोजते आहे म्हटल्यावर ते पाण्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, समिंदर हितनं लई लांब हाय. आतंकवादी काय धरणाच्या दारातनं चढून यील व्हय?"

"तात्या, वरून आदेश आहे."

"आदेश हाय तर मोजा की. पर त्या तिकडच्या होडीत बसू नका, तिच्या बुडाला भोक हाय. सरकारचं मानूस बुडालं तर आमाला ताप."

ज्यानं त्यानं आपापल्या होडीवर रंगानं नंबर टाकले. काहींनी नंबराशेजारी मुलीचं नाव टाकलं, एकानं सिनेमातल्या नटीचं. आतंकवादी अर्थातच सापडला नाही. पण त्या निमित्तानं पाण्याकाठचा प्रत्येक माणूस मला नावानं कळला, आणि गोपनीयच्या कामात यापेक्षा मोठी मिळकत नाही.

पुढं परदेशी पाहुण्यांचे नियम कडक झाले. उजनीवर रोहित पक्षी बघायला लोक येतात, त्यात गोरेही असतात. काठावरच्या एका गावात हिराबाई नावाच्या आजींनी घराच्या दोन खोल्या अशा पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. परदेशी माणूस राहिला तर चोवीस तासांत कळवायचं असतं, नाहीतर घरमालकावर गुन्हा होतो, हे सांगायला मी गेले. आजी चुलीपुढं बसल्या होत्या.

"पावना घरात आला की पोलिसाला सांगायचं? ही कुठली रीत काढलीस बाई?"

"आजी, सगळ्यांना नाही. परदेशी असला तरच."

"आगं, कालपास्नं त्याला मिरची लागून बोलता येईना झालंय, आन् तू म्हनतीस त्याची माहिती भर."

मग त्या शिकल्या. इतक्या शिकल्या की नागपूरचं कुटुंब उतरलं तरी मला फोन यायचा, "बाई, नागपूरची हायती. भाषा समजती, पर सांगून ठेवते." मी कधी त्यांना नको म्हटलं नाही. माहिती आपणहून देणारा माणूस तोडू नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात डोंगराळ भागातल्या एका पर्यटनस्थळी हल्ला झाला. बायकामुलांना घेऊन फिरायला गेलेली माणसं मारली गेली. मीही घरात टीव्हीपुढं जेवण तसंच ठेवून बसले होते. त्यानंतर भराभर आदेश आले. कोणाचे व्हिसा रद्द, कोणी देश सोडायचा, आणि सरहद्दीपलीकडून बेकायदा येऊन राहिलेले जे कुणी असतील त्यांना शोधायचं. मला हे आदेश चूक वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. घरात कोण आहे हे घराला ठाऊक असायला हवं. प्रश्न असतो तो हे ठाऊक करून कसं घ्यायचं याचा.

आमच्या हद्दीत बांगला बोलणारी माणसं होती. काही बांधकामावर, काही वीटभट्टीवर, आणि भिगवणच्या मासळी बाजारात नूरुल आणि त्याची बायको मोमिना. नूरुल बबनतात्यांच्या गाळ्यावर मासळी निवडून बर्फात भरायचा. मोमिना बाजारात विळी घेऊन मासे साफ करून द्यायची. काटा न ठेवता चिलापी कापण्यात तिचा हात असा होता की बायका तिच्यापुढं थांबून राहायच्या. नूरुल कमी बोलायचा, तेही हिंदीत. मोमिना मात्र गिऱ्हाइकांशी घासाघीस करून भिगवणची भाषा शिकलेली. ती आणि तिचा नवरा मालदा जिल्ह्यातले, म्हणजे पश्चिम बंगालचे, आपल्याच देशातले, असं ते सांगत होते. ते खरं की खोटं, हे आम्ही ठरवायचं होतं. खोटं ठरलं तर दोघांना दुसऱ्या दिवशी गाडीत घालून पुण्याला पाठवायचं आणि तिथून सरहद्दीकडं. एकदा पुण्याला गेलेलं माणूस आमच्या हातात राहत नव्हतं.

चौकशी देवरे साहेबांकडं होती. खानदेशातले तरुण फौजदार, हुशार आणि प्रामाणिक. मी शेजारी बसले होते.

"गाव कोणतं?"

नूरुलनं नाव सांगितलं. देवरे साहेबांनी फोनवर नकाशा उघडला, मोठा केला, बाजूला सरकवला. "इथं तर नदी दाखवतंय."

"हां साहेब. गंगा ने ले लिया."

"काय घेतलं?"

"गाँव."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला. "गावचा पोलीस पाटील कोण?"

हा आमच्या ठाण्याचा नेहमीचा प्रश्न. आपल्याकडं प्रत्येक गावाला पोलीस पाटील असतो. परजिल्ह्यातला माणूस खरं गाव सांगत असेल, तर पाटलाचं नाव क्षणात सांगतो, वर त्याच्याबद्दल एखादी तक्रारही करतो. खोटं गाव सांगणारा इथंच अडकतो. कितीतरी भुरटे या एका प्रश्नावर सापडले होते.

नूरुल अडकला. बराच विचार करून म्हणाला, "पाटील... वो जो तात्या के पास बुधवार को मछली लेने आते हैं?"

बाहेर उभा असलेला शिपाई हसला. देवरे साहेब हसले नाहीत. गाव नकाशावर नाही, पाटलाचं नाव येत नाही, घराचा कागद घराबरोबर नदीत गेला म्हणतो, आणि आधार कार्ड इथल्या पत्त्यावर काढलेलं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे आम्हाला बजावून सांगितलेलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई, याच्यात आणखी काय बघायचं? संध्याकाळी अहवाल जाऊ द्या."

मी बाहेर आले. मोमिना व्हरांड्यात बसली होती, ओढणीला मासळीचे खवले चिकटलेले. बाजारातून तशीच उठून आली होती. ती रडत नव्हती. चिडलेली होती.

"मॅडम, आमच्याकडं पाटील नसतोच. तुमी कुनालाबी इचारा. पाटील नसला म्हंजी गाव नसतं व्हय?"

मी काही बोलायच्या आत फाटकातून बबनतात्यांचा आवाज आला. गाळा सोडून ते आले होते आणि कुणाला न विचारता सरळ आत शिरले.

"साहेब, माझं मानूस का बसवून ठेवलंय?"

"तात्या, चौकशी चालू आहे. तुम्ही बाहेर थांबा."

"चौकशी करा की. आदी माझी करा. माझं गाव इचारा."

देवरे साहेबांनी हसून विचारलं, "बरं, कुठलं गाव तुमचं?"

तात्यांनी नाव सांगितलं. "बघा त्या फोनात. जुनं बघा, माळावरचं नवं न्हाय."

साहेबांनी शोधलं. थोडा वेळ गेला. "इथं... धरणाचं पाणी आहे."

"हाय न्हवं? मग मलाबी घाला गाडीत."

देवरे साहेबांना आमच्या भागाचा हा इतिहास ठाऊक नव्हता. तो दोष त्यांचा नव्हे. उजनी धरण भरलं तेव्हा काठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आजही कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुनी देवळं वर येतात आणि म्हातारी माणसं आपल्या घराचा चौथरा बघायला जातात. पण साहेबांचा मुद्दा त्यानं सुटत नव्हता, आणि तो त्यांनी नीट मांडला.

"तात्या, तुमचं पुनर्वसन झालं. सरकारदरबारी तुमची नोंद आहे. याच्याकडं काय आहे?"

"मानसं हायती," तात्या म्हणाले. "आमचं गाव उठलं तवा आमी काय चारी दिशांना पांगलो? आळीच्या आळी उठली आन् जशीच्या तशी वर माळावर बसली. शेजारी त्योच ऱ्हायला, भांडनंबी तीच ऱ्हायली. ह्येचंबी तसंच झालं आसंल. तुमी गाव कशाला हुडकताय? ह्येची आळी उठून कुठं बसली ते इचारा."

मोमिना तात्यांच्या मागोमाग दारात येऊन उभी होती. मी वळून मोमिनाला विचारलं, "तुमच्या गावाची माणसं आता कुठं राहतात?"

"बांधावर," ती लगेच म्हणाली. "नदीचा मोठा बांध हाय. शाळंच्या मागं. समदी तितंच हायती, माझी सासूबी."

देवरे साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाले, "ताई, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुम्ही करून बघा."

मालद्यातल्या त्या भागाच्या ठाण्याचा नंबर मिळवायला बरेच फोन करावे लागले. शेवटी मंडलबाबू नावाचे एक अंमलदार बोलले. माझी हिंदी लासुर्ण्याची, त्यांची बंगाली वळणाची. मी सवयीनं पहिला प्रश्न तोच विचारला, "उस गाँव का पुलिस पाटील कौन है?"

पलीकडून उत्तर आलं, "पाटील? मैडम, वो तो आपके उधर का टाइटल है ना? क्रिकेट में भी कोई था." मागं कुणाला तरी त्यांनी हे बांगलात सांगितलं आणि दोनतीन माणसं हसल्याचं ऐकू आलं. "इधर कोई पाटील नहीं होता. पंचायत का प्रधान होता है. उसका नाम पूछिए."

मी फोन कानाला तसाच धरून नूरुलला विचारलं, "पंचायत का प्रधान कौन?" त्यानं आत्ताचा सांगितला, त्याच्या आधीचा सांगितला, आणि आधीचा का हरला तेही सांगायला लागला. मंडलबाबू ऐकत होते. "ठीक बोलता है. वो गाँव तो गया मैडम, नदी में. लोग बाँध पर हैं."

"फिर बाँध पर किसी को भेजिए. इसकी माँ वहीं है."

"आज हाट है मैडम, सब ड्यूटी पर हैं. कल देखते हैं."

"मंडलबाबू," मी म्हटलं, "कल यह आदमी गाड़ी में होगा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ के सारे लड़के बाहर कमाते हैं. आजकल रोज किसी न किसी थाने से फोन आता है. सब एक ही बात पूछते हैं, आदमी आपका है कि नहीं, जल्दी बोलो. आप पहली हैं जो माँ का पता पूछ रही हैं. मैं खुद जाता हूँ."

मी हे देवरे साहेबांना सांगितलं. ते खुश झाले असते तर मला आवडलं असतं, पण ते विचारात पडले आणि बरोबरच पडले. "ताई, व्हिडिओवर कुणीही बाई आई म्हणून उभी राहील. उद्या वर हेच विचारतील."

"मग ओळख परेड घेऊ, साहेब. तिला याचा चेहरा आधी दाखवायचा नाही. रांगेतून ओळखू दे."

"चालेल," ते म्हणाले. मग खुर्चीत पुढं सरकले. "पण उलटीही घ्यायची. मंडलबाबूंना सांगा, तिथं दहाबारा बायका उभ्या करा, नावं सांगू नका. यानं आईला ओळखलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी जुळलं तर मी सही करतो."

ही त्यांची कल्पना. मला ती सुचली नव्हती.

परेड मासळी बाजारातल्या तात्यांच्या गाळ्यापुढं घ्यायची ठरली, कारण ठाण्यात फोनला रेंज धड येत नव्हती. तात्यांनी माणसं निवडली. साधारण नूरुलच्या अंगकाठीची, तशीच दाढी वाढलेली, तसेच गुडघ्याला बर्फाचं पाणी लागलेली. एकानं विचारलं, "तात्या, तिनं चुकून मला वळखलं तर मी बंगालला जायाचं का?"

"जा की. तुझ्या बायकुला बरंच वाटंल," तात्या म्हणाले.

बाजार थांबला होता. गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन बाजूला उभी होती. दोन पंच घेतले, एक सोडा-लिंबूवाला आणि एक मासळी घ्यायला आलेल्या शिक्षिका. मोमिनाला आम्ही शिक्षिकांशेजारी, फोनच्या मागं बसवलं, म्हणजे ती सासूला दिसायला नको.

मंडलबाबूंचा फोन आला. पडद्यावर आधी आभाळ, मग मातीचा बांध, मग पत्र्याच्या झोपड्या, मग डोक्यावरून पदर घेतलेली एक वाळकी म्हातारी. मी पडदा माझ्याकडं धरून फोन रांगेवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. म्हातारी काही बोलेना. चौथ्यावर चित्र अडकलं. परत फोन लावला. परत पहिल्यापासून. नूरुल पाचवा होता. त्याच्यापुढं फोन गेला आणि म्हातारी बोलायला लागली. एकदम, मोठ्यानं, न थांबता. तिचं बोट पडद्यावर इतकं जवळ आलं की दुसरं काही दिसेना.

"काय म्हणते?" देवरे साहेबांनी विचारलं.

मंडलबाबूंचा आवाज आला, "बोल रही है, ये इतना दुबला कैसे हो गया. बोल रही है, बहू खाना नहीं देती क्या."

फोनमागून मोमिनानं नवऱ्याकडं असं पाहिलं की शिक्षिकांनी तोंडावर पदर धरला.

आता उलटी परेड. मंडलबाबूंनी बांधावर बायका उभ्या केल्या होत्या आणि आईला त्यांच्यात मिसळून टाकलं होतं. फोन नूरुलच्या हातात दिला. त्याला सांगितलं, आई दिसली की बोट दाखव. मंडलबाबू एकेकीपुढून चालत होते. आणि नूरुल थांबलाच नाही. आई यायच्या आधीच तो बोलत सुटला. ही पलीकडच्या घरातली चाची, हिचा एक डोळा अधू आहे. ही हलीमा, हिनं लग्नात रुसून जेवण सोडलं होतं. ही कोण, ही नवीन दिसते, हां, ही रफिकची बायको असणार, फोटोत बघितली होती. प्रत्येक नावाला तिकडून हसण्याचा, नाहीतर होकाराचा आवाज येत होता. आईजवळ पोचला तेव्हा त्यानं पडद्यावर बोट टेकवलं आणि फोन कपाळाला लावून उभा राहिला. आम्हाला मग पडद्यावर काही दिसलं नाही.

देवरे साहेबांनी त्याला घाई केली नाही.

तात्या इतका वेळ बर्फाच्या पेटीवर बसून होते. ते उठले आणि नूरुलच्या खांद्यावरून फोनात डोकावले. "बघितलंत का साहेब? आळी हाय तशी बसलीया." मग नूरुलला म्हणाले, "आरं, मशीद वाचली का तुमची?"

"नहीं तात्या. पत्रा उतार के लाया, उधर ही लगाया."

तात्यांनी मान हलवली. "आमीबी देव तेवढा आनला. देऊळ ऱ्हायलं."

संध्याकाळच्या आत मंडलबाबूंचा लेखी जबाब आला, त्यांच्या साहेबांच्या सहीशिक्क्यासह. दोन्ही परेडचा पंचनामा आम्ही केलेला होता. देवरे साहेबांनी अहवाल लिहिला आणि मला वाचायला दिला. त्यात एक वाक्य होतं, "सदर इसमाचे मूळ गाव नदीपात्रात गेले असून तेथील रहिवासी एकत्र वास्तव्यास आहेत." खूप साधं वाक्य, पण सरकारी कागदात मी यापूर्वी असं काही वाचलेलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी सही केली. त्या दिवसापासून पोलीस पाटलाचा प्रश्न आम्ही परराज्यातल्या माणसाला विचारणं बंद केलं. देवरे साहेबांची पुढं बदली झाली, तिथंही त्यांनी तो बंद केला, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं.

सगळं असंच गोड झालं असतं तर लिहायला मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीतून वीटभट्टीवरची दोन माणसं पुण्याला गेली. त्यांनी सांगितलेल्या ठिकाणच्या ठाण्यात आमचा फोन कुणी उचललाच नाही, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला एकही माणूस आला नाही. भट्टीमालक तर दोन दिवस गावातच नव्हता. ती माणसं खरंच बाहेरची असतील. त्यातल्या एकानं मान खाली घालून काही सांगायचंच टाळलं होतं, म्हणजे असतीलही. पण मी ते शोधून काढलं, असं मला म्हणता येत नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला टोचतं ते एवढंच.

नूरुल सुटला तेव्हा मी त्या दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेले. आभार वगैरे ऐकायची माझी तयारी होती, खोटं कशाला बोलू. मोमिनानं आभार मानले नाहीत. तिनं विचारलं, "मॅडम, हे आजचं लिव्हलेलं किती दिस चालतंय?"

पुन्हा कुठं हल्ला झाला, पुन्हा आदेश निघाले, मी आणि देवरे साहेब इथं नसलो, तर नवा माणूस पुन्हा नकाशा उघडणार आणि त्याला पाणीच दिसणार. मी तिला माझ्या घरचा नंबर दिला. म्हटलं, "कुणी काही विचारलं तर हा लावायचा."

मी निवृत्त झाले. यंदा उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. जास्त मजुरी मिळते म्हणून दोघं हंगामापुरती दुसऱ्या तालुक्यात मासळीच्या कामाला गेली होती आणि तिथल्या ठाण्यात त्यांना बसवून ठेवलं होतं. मागं पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, आणि ती हळू बोलत होती, ती कधीच हळू बोलत नाही. मी गॅस बंद केला, शेजारणीला किल्ली दिली आणि बारामतीच्या स्टँडवरून मिळेल ती एस.टी. पकडली.

ठाण्यात दोघं बाकावर बसली होती. टेबलामागचा हवालदार माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. मी साडीत होते आणि आता कपाटातही खाकी नव्हती.

"मावशी, तुमचं काय काम?" त्यानं विचारलं.

"या दोघांसाठी आले."

"यांची चौकशी चालू आहे. यांचं गाव सापडत नाही. यांना ओळखणारं कुणी आहे का?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी पिशवी ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"आहे," मी म्हटलं. "माझा जबाब लिहून घ्या."